बॅरोमीटर बघून हवामान ओळखायचं कसं: तासाभरापूर्वीचा नको, कालचा याच वेळचा आकडा बघा

फोनमध्ये बॅरोमीटरचं, म्हणजे हवेचा दाब मोजणारं, ॲप टाकलं की पहिल्याच दिवशी गंमत होते. सकाळी दहाला बघितलं तर १०१०, दुपारी चारला बघितलं तर १००६, त्यावर खालच्या दिशेचा बाण, शेजारी ढगाचं चित्र आणि "पावसाची शक्यता". बाहेर मात्र मे महिन्याचं रखरखीत ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच, तिसऱ्या दिवशी परत तेच, मग माणूस म्हणतो हे सगळं थोतांड आहे आणि ॲप उडवून मोकळा होतो. सेन्सर बिचारा बरोबरच सांगत असतो, ॲपने लावलेला नियम परदेशातला असतो.

झालंय काय की आपल्याकडे, म्हणजे उष्ण कटिबंधात सगळीकडेच, हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास वर, दुपारी चारच्या सुमारास खाली, रात्री दहाला परत वर, पहाटे चारला परत खाली. समुद्राला भरती-ओहोटी असते तशी ही हवेची, फक्त ही चंद्रापेक्षा सूर्याच्या जोरावर चालते, वरच्या थरांतला ओझोन आणि हवेतली वाफ उन्हाने तापते आणि त्याची लाट पृथ्वीभर फिरत राहते. महाराष्ट्रात सकाळ ते दुपार हा फरक साधारण तीन ते पाच हेक्टोपास्कल (हे दाब मोजायचं एकक) येतो. लंडनला हाच फरक एकाहूनही कमी असतो, त्यामुळे तिथल्या माणसाने सहा तासांत चार उतरले असं बघितलं की तो छत्री शोधायला लागतो आणि ते बरोबरच आहे. आपण तोच नियम इथे लावला तर रोज दुपारी छत्री घेऊन बसायची वेळ येईल.

म्हणून या सगळ्या लेखातला एकच नियम पाठ करा, बाकी विसरलात तरी चालेल: आत्ताचा आकडा तासाभरापूर्वीच्या आकड्याशी ताडायचा नाही, काल याच वेळेला किती होता त्याच्याशी ताडायचा. हवामान खातंसुद्धा आपल्या नकाशांवर चोवीस तासांतला बदल मांडतं, ते उगीच नाही.

(हेक्टोपास्कल आणि मिलिबार एकच, गोंधळू नका. जुनी माणसं मिलिबार म्हणतात, ॲप हेक्टोपास्कल दाखवतं, आकडा तोच. समुद्रसपाटीला प्रमाण दाब धरतात तो १०१३.२५.)

यंत्र कुठलं

सगळ्यात सोपं म्हणजे खिशातला फोन. आयफोन ६ पासून पुढे जवळपास सगळ्या आयफोनमध्ये हा सेन्सर आहे, सॅमसंगच्या गॅलेक्सी एस सिरीजच्या बहुतेक फोनमध्ये आहे, पण दहा-बारा हजारांच्या बऱ्याच फोनमध्ये नसतो, आणि गंमत म्हणजे सेन्सर नसला तरी काही ॲप आकडा दाखवतातच. तो आकडा इंटरनेटवरून जवळच्या कुठल्यातरी केंद्राचा उचललेला असतो. ओळखायची युक्ती सोपी आहे, तळमजल्यावर ॲप उघडा, लिफ्टने दहाव्या मजल्यावर जा आणि आकडा बघत राहा. खरा सेन्सर असेल तर डोळ्यादेखत साडेतीन-एक हेक्टोपास्कल उतरतील, कारण जमिनीजवळ साधारण दर साडेआठ मीटरला एक हेक्टोपास्कल कमी होतो. आकडा ढिम्म हलला नाही तर ते ॲप नेटवरचं आहे, काढून टाका. फायफॉक्स नावाचं एक फुकट ॲप आहे, विद्यार्थ्यांच्या प्रयोगांसाठी बनवलेलं, ते थेट सेन्सरचा कच्चा आकडा देतं, ढगाची चित्रं नाहीत, बाण नाहीत, मला तेच बरं वाटतं.

इलेक्ट्रॉनिक्सची आवड असेल तर बीएमपी २८० नावाचा नखाएवढा सेन्सर मिळतो, स्वस्त असतो, एखाद्या छोट्या बोर्डाला जोडायचा आणि दर दहा मिनिटांनी आकडा साठवायला लावायचा. याची गंमत अशी की याचा एकूण आकडा एखाद्या हेक्टोपास्कलने चुकलेला असू शकतो पण बदल तो फार बारीक पकडतो, साधारण ०.१२ हेक्टोपास्कलपर्यंत, म्हणजे टेबलावरून उचलून माळ्यावर ठेवला तरी कळतं. आपल्याला बदलच हवाय, त्यामुळे हा सेन्सर आपल्या कामाला एकदम फिट आहे.

आणि तिसरं म्हणजे ते भिंतीवरचं पितळी गोल घड्याळासारखं, काटा असलेलं, ॲनरॉइड बॅरोमीटर. आत हवा काढून घेतलेली पत्र्याची डबी असते, दाब वाढला की ती चेपते, कमी झाला की फुगते, तेच काट्याने दाखवतं. यंत्र चांगलंय, पण त्याच्या चकतीवर जे स्टॉर्मी, रेन, चेंज, फेअर, व्हेरी ड्राय असं छापलेलं असतं ना, ते कृपा करून वाचू नका. ते विलायतेच्या हवेसाठी आणि समुद्रसपाटीसाठी लिहिलंय. असलं बॅरोमीटर न जुळवता पुण्यात टांगलं तर काटा २८ इंचाच्या आसपास (चकतीवर दाब पाऱ्याच्या इंचांत असतो) जाऊन बसतो आणि तिथे लिहिलेलं असतं स्टॉर्मी. पुण्यात बाराही महिने तुफान!

कुठलंही यंत्र घ्या पण ते एका जागी ठेवा. आज पार्किंगमध्ये, उद्या गच्चीत असं केलं तर तुम्ही हवामान मोजत नाही, जिने मोजताय. फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये असेल तर बाहेर काढा, बंद पिशवीत आकडा काहीही येतो. बंद काचांच्या एसी गाडीतही वाचू नका.

उंचीचा घोळ

मुंबई, रत्नागिरी, मालवण, पणजीवाल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल, बाकी घाटावरच्यांनी वाचा. बातम्यांत, नकाशांवर जो दाब सांगतात तो समुद्रसपाटीवर आणून सांगतात. पुण्याचं शिवाजीनगरचं केंद्र ५५९ मीटरवर आहे (तेच सिमला ऑफिस, १९२८ साली खात्याचं मुख्य कार्यालय सिमल्याहून तिथे हललं म्हणून आजही बसस्टॉपला ते नाव आहे), तर तिथे सेन्सरवर प्रत्यक्षात ९५० च्या आसपास आकडा दिसतो. महाबळेश्वरला ८६५ च्या आसपास. चिप्सचं पाकीट वर नेलं की टम्म फुगतं ते यामुळेच. आता ९५० बघून कोणी घाबरून म्हणेल अरे बापरे एवढा दाब तर चक्रीवादळात असतो, तर तसं नाही, तो फक्त डोंगर आहे.

सूत्र वगैरे मांडत बसू नका. जवळच्या विमानतळाचा दाब दर अर्ध्या तासाला जाहीर होतो, मेटार म्हणतात त्याला, नेटवर सहज सापडतो, त्यात क्यू अक्षर आणि पुढे चार आकडे असतात, म्हणजे क्यू १००८ असं. तो झाला समुद्रसपाटीचा दाब. त्याच मिनिटाला तुमचा सेन्सर ९४५ दाखवत असेल तर फरक ६३. हा ६३ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, यापुढे रोजच्या आकड्यात मिळवायचा. तीन-चार दिवस वेगवेगळ्या वेळी करून सरासरी काढली तर आणखी चांगलं, कारण मेटारमध्ये पूर्ण आकडाच देतात, दशांश नसतो.

खरं तर नुसता बदल बघायचा असेल तर हे मिळवणंही गरजेचं नाही. नाशिकवाल्याने ९४७ वरून ९४४ झालं एवढं बघितलं तरी पुरे. पण कोकणातल्या मामेभावाशी आकडा जुळवायचा असेल, किंवा बातमीतल्या आकड्याशी, तर लागतं.

वही

दिवसातून दोनदा, सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच. या वेळा मुद्दाम घेतल्यात कारण हवामान खात्याच्या मुख्य नोंदी याच वेळांना होतात, मग पाऊस, तापमान सगळं ताडून बघता येतं. दिनदर्शिकेच्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहितो ना आपण, त्याच्याच बाजूला लिहा, तीच आपली वही, वेगळी केली की ती आठवड्यात हरवते. काय लिहायचं: दाब, कालच्या याच वेळेपेक्षा किती वर किंवा खाली, वारा कुठून येतोय, आभाळ कसं आहे, पाऊस झाला का. वाऱ्याची दिशा लिहायचा कंटाळा करू नका, ती नसेल तर अर्धी मजा जाते, का ते पुढे सांगतो.

उदाहरण म्हणून समजा रत्नागिरीत मे महिना आहे. काल सकाळी साडेआठला १००८.४ होता, संध्याकाळी साडेपाचला १००५.१. आज सकाळी १००८.१, संध्याकाळी १००४.९. काही झालेलं नाही, रोजचाच खेळ आहे, सकाळ-संध्याकाळमध्ये तीनचा फरक असला तरी काल आणि आज सारखेच आहेत. आता उद्या सकाळी १००६.२ आला आणि संध्याकाळी १००२.० आला, तर मात्र कान टवकारा. सकाळचाही दोनने खाली, संध्याकाळचाही तीनने खाली, म्हणजे रोजच्या भरती-ओहोटीच्या खाली अख्खी पातळीच उतरायला लागलीय.

पहिला पंधरवडा अंदाजबिंदाज काही करू नका, नुसतं लिहा. तुमच्या गावाचं, तुमच्या घराचं नेहमीचं माप काय आहे ते आधी हाताला लागायला हवं. आणि हे माप ऋतूप्रमाणे सरकतं हे लक्षात ठेवा. मुंबईत जानेवारीत सरासरी १०१२-१०१३ च्या घरात असतो आणि जुलैत १००३-१००४ च्या आसपास. राजस्थान, सिंध तापतो, तिथली हवा वर जाते, तिथे दाब कमी होतो, आणि समुद्रावरची हवा तिकडे ओढली जाते, मान्सून म्हणजे शेवटी हेच तर आहे. त्यामुळे जानेवारीतला १००५ हा धक्का आहे आणि जुलैतला १००५ म्हणजे पाऊस सुट्टीवर गेला असेल.

आता आकडा वाचायचा कसा

चोवीस तासांत एखाद हेक्टोपास्कल इकडेतिकडे, याला काडीची किंमत देऊ नका. दोनच्या पुढे गेला आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही नोंदींत तीच दिशा दिसली तरच विचार करायचा. पुढचा अर्थ कुठला महिना चाललाय त्यावर.

मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या वादळांचे महिने. यातही दुसरा मोसम जास्त फसवा, कारण जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात, पण नोव्हेंबरात हंगाम ऐन भरात असतो. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान आलं ते असंच. समुद्रावर जाणाऱ्या दर्यावर्दींचा एक जुना हिशेब आहे: रोजचा चढउतार वजा करून दाब त्या महिन्याच्या सरासरीपेक्षा तीनने खाली असेल तर वादळाचा संशय धरायचा, पाचने खाली असेल तर जवळपास वादळ आहे यात शंका ठेवायची नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याने हे दोन आकडे, तीन आणि पाच, भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

मान्सूनमध्ये कोकणात मात्र जरा वेगळं गणित आहे. इथे चार दिवस धो धो पाऊस पडतो आणि बॅरोमीटर जेमतेम एक-दीडने हलतो, मग लोक म्हणतात काय उपयोग. कोकणातला पाऊस एका ठिकाणच्या दाबापेक्षा किनाऱ्याच्या दोन टोकांमधल्या फरकावर जास्त चालतो. पावसाळ्यात दक्षिणेला केरळकडे दाब जास्त आणि उत्तरेला गुजरातकडे कमी असतो, हा फरक जितका वाढतो तितका वारा जोरात आणि घाटावर आपटणारा पाऊस जोरात. बातम्यांत ते "किनारपट्टीला समांतर कमी दाबाचा पट्टा" म्हणतात तो या चित्रातलाच भाग. घरबसल्या बघायचं असेल तर कोची आणि मुंबई, दोन विमानतळांचे एकाच वेळचे आकडे घ्या, रोज वजाबाकी करा. दोन-तीन दिवस ही वजाबाकी वाढत गेली आणि वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा असेल तर शनिवार-रविवारचा ताम्हिणीचा प्लॅन जरा आवरता घ्या. घटत गेली तर उघडीप.

विदर्भात बॅरोमीटर जास्त इमानदार. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की ते ओडिशा, छत्तीसगडवरून पश्चिमेकडे, वायव्येकडे सरकतं, आणि त्याचा सगळ्यात जोरदार पाऊस त्याच्या केंद्रापासून नैर्ऋत्येच्या बाजूला पडतो. म्हणजे केंद्र छत्तीसगड, मध्य प्रदेशात असताना नैर्ऋत्येला कोण, तर विदर्भ. नागपूर, गोंदियाकडे दाब दोन दिवस सलग उतरत असेल आणि वारा बदलला असेल तर पाऊस दाराशी आलाय. तेच केंद्र पुढे गेलं की नागपुरात दाब चढायला लागतो आणि मराठवाडा, खानदेशातले लोक आभाळाकडे बघायला लागतात. उलट ऑगस्टात महाराष्ट्रभर दाब सावकाश चढत गेला, ढग पांगले, ऊन पडलं, तर समजायचं की मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याला जाऊन बसलाय, आता पाऊस तिकडे आणि आपल्याकडे खंड. सोयाबीनला पाणी द्यायची सोय असेल तर बघून घ्या.

वळवाचं काय? इथे बॅरोमीटर आगाऊ काही सांगत नाही, हे स्पष्टच सांगतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग जमतो, दीड तासात गडगडाट करून पडून मोकळा होतो, एवढ्या छोट्या ढगाची चाहूल दाबाच्या आकड्याला आदल्या दिवशी लागत नाही. पण आलं की जे दिसतं ते बघण्यासारखं असतं. दर मिनिटाला आकडा साठवणारा सेन्सर असेल तर आलेखात असं दिसतं: चार वाजेपर्यंत दाब नेहमीसारखा उतरत चाललाय, आणि एकदम काही मिनिटांत एक-दोन हेक्टोपास्कलची उडी, वरच्या दिशेने. त्याच क्षणी बाहेर धुळीचा लोट, दारं आपटतात, वाळत घातलेले कपडे शेजारच्या गच्चीत. ढगातून पावसाबरोबर खाली कोसळणारी हवा गार आणि जड असते, ती जमिनीवर पसरत येते म्हणून दाब वाढतो. म्हणजे इथे वादळ येताना दाब *चढतो*, पुस्तकातल्या नियमाच्या बरोबर उलट. त्यामुळे वळवासाठी बॅरोमीटर बघत बसू नका, ढग बघा, आणि विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप ठेवा.

हिवाळ्यात दाब सावकाश दोन-तीनने चढत गेला, वारा उत्तरेचा झाला आणि आभाळ निरभ्र असेल तर थंडी वाढणार, निफाडचा पारा पेपरात येणार. उलट डिसेंबर-जानेवारीत दाब उतरतोय, वारा दक्षिणेचा किंवा पूर्वेचा झालाय, हवा दमट लागतेय, तर ढगाळ हवा आणि अवकाळीची शक्यता. द्राक्षवाल्यांना पुढचं सांगायला नको, डावणी, भुरीची फवारणी कधी करायची हा त्यांचा रोजचा डोक्याला ताप. मात्र फवारणी नुसत्या बॅरोमीटरवर ठरवू नये, खात्याचा जिल्हावार अंदाज आणि आपला आकडा दोन्ही एकच बोलत असतील तर निर्णय सोपा होतो.

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा

ही युक्ती दीडशे वर्षांहून जुनी आहे, बाइस बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञाने १८५७ साली मांडली. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाब तुमच्या डाव्या हाताला. बस, एवढंच. (जमिनीवर वारा घासत येतो म्हणून अगदी डाव्या हाताला नाही, डाव्या हाताच्या जरा पुढे.)

करून बघा. जुलैत किनाऱ्यावर नैर्ऋत्य वाऱ्याकडे पाठ करा, तोंड ईशान्येला, डावा हात वायव्येला, म्हणजे राजस्थान, सिंधकडे. तिथेच तो उन्हाळ्याचा कमी दाब बसलेला असतो, बरोबर निघालं की नाही.

आता जूनच्या सुरुवातीला अलिबाग, श्रीवर्धनला उभे आहात, दाब उतरतोय, आणि वारा समुद्रावरून यायच्या ऐवजी पूर्वेकडून, डोंगराकडून येतोय, भर दुपारी. दुपारी तर खारे वारे हवेत, समुद्रावरून जमिनीकडे. पूर्वेकडे पाठ, तोंड पश्चिमेला, डावा हात दक्षिणेला. म्हणजे दक्षिणेकडे, समुद्रात काहीतरी शिजतंय. भर दुपारी खारा वारा गायब आणि उतरता दाब, ही जोडी एकत्र दिसली तर सगळी कामं बाजूला ठेवून आधी हवामान खात्याचं बुलेटिन उघडायचं, बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा कुठल्या नंबरचा बावटा लागलाय ते विचारायचं.

पुढे वारा फिरतो कसा तेही बघा. एका जागी उभं राहून वारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल, म्हणजे पूर्वेचा आग्नेयेचा झाला, मग दक्षिणेचा, तर वादळाच्या उजव्या बाजूला आहात आणि ती वाईट बाजू, कारण तिथे वादळाचा स्वतःचा वेग आणि वाऱ्याचा वेग यांची बेरीज होते. ३ जून २०२० चं निसर्ग ईशान्येकडे जात अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. मुंबई त्याच्या डाव्या हाताला पडली आणि थोडक्यात वाचली, श्रीवर्धन, दापोली, मंडणगडकडे मात्र सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. २०२१ चं तौक्ते गोव्यापासून वर गुजरातपर्यंत किनाऱ्याला समांतर गेलं, म्हणजे अख्खं कोकण त्याच्या उजव्या बाजूला.

अशा समांतर जाणाऱ्या वादळात घरच्या ग्रुपचा उपयोग होतो. मालवणच्या मामाकडे, रत्नागिरीच्या मावशीकडे, अलिबागच्या आत्याकडे प्रत्येकी एक सेन्सरवाला फोन असेल तर दर तासाला आकडा टाकायला सांगा. मालवणात आधी तळ गाठेल आणि चढायला लागेल, मग रत्नागिरीत, मग तुमच्याकडे. गुड मॉर्निंगच्या फुलांपेक्षा बरं.

ही वाऱ्याची युक्ती शहरात दोन टॉवरच्या फटीत, किंवा घाटातल्या दरीत चालत नाही, तिथे वारा वाट मिळेल तसा वळतो. शांत हवेच्या दिवशीही नको, कारण तेव्हा दुपारचे खारे आणि रात्रीचे मतलई वारे यांचंच राज्य असतं.

वादळ अंगावर आलं तर

सगळ्यात उपयोगी भाग हा. निसर्गच्या वेळी दापोली, मंडणगडकडे वीज गेली, टॉवर बंद, नेट नाही, ॲप नाहीत, बातम्या नाहीत. फोनमधला दाबाचा सेन्सर मात्र नेटशिवाय चालतो, बॅटरी असेपर्यंत. म्हणून नेटवरून आकडा घेणारं ॲप नको असं वर म्हटलं.

आता तासातासाने बघा, इथे कालच्या आकड्याची गरज नाही, कारण वादळातली घसरण रोजच्या चढउताराला गिळून टाकते. दाब तासाला दोन-तीनने उतरत असेल आणि उतरण्याचा वेग वाढत असेल तर वादळ तुमच्याकडेच येतंय. उतरणं मंदावलं आणि वारा फिरला तर बाजूने चाललंय. निसर्गच्या केंद्रात दाब ९८४ पर्यंत गेला होता, १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात ९१२, म्हणजे तुमच्याकडे ९९५ आलाय आणि अजून उतरतोय तर हा विषय किरकोळ नाही.

सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे दाब तळाला असताना वारा एकदम पडतो ती. बाहेर शांत, कधी ऊनसुद्धा पडतं, लोक कौलं बघायला, गुरं बघायला बाहेर येतात. आकडा बघा. दाब तळालाच आहे आणि चढायला लागलेला नाही, म्हणजे वादळाचा डोळा डोक्यावर आहे, दुसरी बाजू यायचीय आणि ती उलट्या दिशेने येते, आधी पूर्वेच्या वाऱ्याने वाकलेलं झाड मग पश्चिमेच्या वाऱ्याने पडतं. दाब दोन-तीन तास सलग चढला आणि वाराही कमी झाला तरच घराबाहेर.

किनाऱ्याला लागून घर असेल तर आणखी एक हिशेब: दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटरने वर येतो. तीसने उतरला तर एक फूट, आणि वाऱ्याने लोटलेलं पाणी त्याच्याही वर. ते नेमकं उधाणाच्या भरतीला जुळलं तर काय होतं ते खाडीकाठच्यांना विचारा. भरतीची वेळ त्या दिवशीच्या पानावर आधीच लिहून ठेवा.

कुठे चालत नाही

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दिवशी कुलाब्याला ७३. दोन्ही मुंबईच. एवढ्या कमी अंतरात एवढा फरक घरच्या बॅरोमीटरवर आदल्या दिवशी दिसला असता असं कोणी म्हणत असेल तर तो थापा मारतोय. किती पडेल हे बॅरोमीटर कधीच सांगत नाही, पाऊस उद्या तीनला की पाचला तेही नाही. तो एवढंच सांगतो की मोठं काहीतरी जवळ येतंय की लांब जातंय, आणि तेही दिवस-अर्धा दिवस आधी. निसर्ग ३१ मेला नुसतं कमी दाबाचं क्षेत्र होतं तेव्हाच खात्याने पाळत ठेवली होती, तुमच्या भिंतीवरचा काटा तेव्हा हललाही नसता. उपग्रह, रडार, समुद्रातले बॉया यांच्याशी आपली स्पर्धा नाही. खातं रेड अलर्ट देत असेल आणि तुमचा बॅरोमीटर आरामात बसला असेल तर खात्याचं ऐकायचं. उलट असेल, म्हणजे खात्याचं बुलेटिन सकाळचं आहे आणि तुमचा आकडा दुपारपासून गडगडतोय, तर नवीन बुलेटिन येईपर्यंत होडी पाण्यात घालू नका.

आणि वर्षातून एकदा, शक्यतो मेच्या सुरुवातीला, विमानतळाच्या आकड्याशी पुन्हा ताडून बघा. सेन्सर हळूहळू सरकतात, फोन बदलला तर फरकही बदलतो, ६३ चा ६४ झाला असेल तर वहीत तारीख टाकून नवीन आकडा लिहा आणि जुना खोडू नका, नाहीतर मागच्या वर्षीच्या नोंदी ताडायला घेतल्या की डोकं खाजवत बसाल.